नको असलेले कॉल आणि मेसेज: एकेक नंबर ब्लॉक करून काही होतं का?

धायरीकर_समीर | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझे वडील ७६ वर्षांचे, सहकारनगरला एकटे असतात. सॅमसंगचा फोन, एकच सिम. दिवसभर मुळशी-पानशेतचे एनए प्लॉट, पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, आरोग्य विमा आणि हल्ली 'शेअर बाजाराचं मोफत मार्गदर्शन' यांचे फोन चालूच. रविवारी गेलो की मी कॉल लॉग उघडून असले नंबर ब्लॉक करत बसतो. ब्लॉकची यादी फोनबुकापेक्षा लांब झाली, पण पुढच्या रविवारी पाहावं तर तेवढेच नवे नंबर हजर.

बाबा एकही फोन सोडत नाहीत. सिलिंडर घेऊन येणारा, रक्त न्यायला येणारा पॅथॉलॉजीचा मुलगा, ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी, यातलं कोण कुठल्या नंबरवरून करेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. त्यामुळे 'अनोळखी सगळे बंद' चालणार नाही. ते डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे जाहिराती नकोत अशी नंबराची नोंदणी) म्हणतात त्याचा अजून उपयोग होतो का? एखादं ॲप टाकावं का? आणि मेसेजचं तर विचारूच नका, ओटीपी आला की जाहिरातींच्या ढिगात शोधावा लागतो.

कट्ट्यावरचा_बंडू | रविवार, रात्री ९:५२

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका प्लॉटवाल्याचा फोन आला की खूश होतात. सातबारा, फेरफार, एनएचा आदेश, झोन दाखला सगळं व्हॉट्सॲप करायला सांगतात. शिवाय "रेरा नंबर बोला, लिहून घेतो." समोरचा आपणच फोन ठेवतो. आता त्यांना फोन येत नाहीत. त्या लोकांनीच काकांना ब्लॉक केलं असणार.

नेटवर्क_नाना | रविवार, रात्री १०:२०

समीर, मी टेलिकॉममधून निवृत्त झालोय, तेव्हा जरा लांबण लावतो.

ब्लॉक केलेला नंबर फक्त तुमच्या हँडसेटवर अडतो. नेटवर्कच्या लेखी तो कॉल लागलाच, आणि करणाऱ्याला त्याची काही झळ पोचत नाही. अशा कॉल सेंटरकडे एकाच जोडणीवर नंबरांची लांबलचक मालिका असते, नाहीतर सिमांचा गठ्ठा असतो. ऑटो डायलर दर खेपेला त्यातला वेगळा नंबर पुढे करतो. तुम्ही रविवारी जे ब्लॉक करता ते वापरून टाकून दिलेले नंबर.

म्हणून आधी नंबर कशाने सुरू होतो ते बघा. १४० ने सुरू होणारा कॉल हा नोंदणी केलेल्या जाहिरातदाराचा. हे डीएनडीने थांबतात. १६०० ने सुरू होणारा कॉल सेवेचा किंवा व्यवहाराचा. तो ब्लॉक करू नका, कार्डावर संशयास्पद खर्च झाला म्हणून बँक त्यावरूनच फोन करेल. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्येच बँकांना सांगितलं की व्यवहाराचे कॉल १६०० वरून करा आणि जाहिरातीचे १४० वरून. पुढे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, बँकांना १६०० वर जायला १ जानेवारी २०२६ ही मुदत घालून दिली. तेव्हा "बँकेच्या हेड ऑफिसमधून बोलतोय" म्हणणारा माणूस साध्या मोबाइल नंबरवरून आला तर शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

राहिला साधा दहा आकडी नंबर. त्यावरून धंद्याची जाहिरात करणं मुळातच नियमाबाहेर आहे. हा माणूस कुठे नोंदणीच करत नाही, तर डीएनडीची यादी कशाला तपासतोय? तुमच्या वडिलांचे प्लॉटवाले बहुतेक याच गटातले. यांच्यावर इलाज एकच, तक्रार.

वैदेही_कोथरूड | रविवार, रात्री १०:३५

नाना, डीएनडी मी कधीची करून बसलेय. शष्प फरक नाही. तक्रारही केली होती दोन-तीन वर्षांमागे, तर उत्तर आलं की तीन दिवसांची मुदत टळली. कोण बसतं हो तीन दिवसांत लिहायला?

नेटवर्क_नाना | रविवार, रात्री १०:५८

ताई, तेव्हा तीनच दिवस होते. ट्रायने १२ फेब्रुवारी २०२५ ला २०१८ च्या नियमावलीत दुरुस्ती केली. आता सात दिवसांच्या आत तक्रार चालते. नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध तक्रार करायला तुमची डीएनडी नोंदणी असण्याचीही गरज नाही. मोबाइल कंपनीला आधी ३० दिवस मिळत, आता पाच दिवसांत हालचाल करावी लागते. पूर्वी एखाद्या नंबरावर सात दिवसांत दहा तक्रारी जमल्या तर कारवाई सुरू व्हायची, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्यांदा सापडला तर त्याचे जाणारे कॉल १५ दिवस बंद, पुन्हा सापडला तर त्याच्या नावावरच्या सगळ्या जोडण्या एक वर्षासाठी बंद आणि काळ्या यादीत नाव. हे कागदावरच राहतं असं म्हणू नका. ट्रायच्या ऑगस्ट २०२४ च्या आदेशानंतर जेमतेम महिन्याभरात अडीच लाखांवर जोडण्या तोडल्या होत्या.

पाच तक्रारी पाच वेगवेगळ्या लोकांच्या लागतात, एकट्याने पाचदा लिहून उपयोग नाही. इथेच आपल्याला सोय आहे. प्लॉटवाला एकाच सोसायटीतल्या यादीवरून फोन फिरवतो, दहा वाजता तुम्हाला, पाच मिनिटांनी समोरच्या फ्लॅटला. सोसायटीच्या ग्रुपवर सुप्रभातचे फोटो टाकण्याऐवजी त्याचा नंबर टाका आणि पाच घरांनी लिहा.

वैदेही_कोथरूड | रविवार, रात्री ११:०२

सुप्रभातवाल्यांना ब्लॉक करायचा काही उपाय असेल तर तो आधी सांगा. 😄

लिहायचं कुठे पण? पोर्टल, ओटीपी, कॅप्चा म्हटलं की माझा उत्साह मावळतो.

नेटवर्क_नाना | सोमवार, सकाळी ७:१५

पोर्टल नको, १९०९ ला साधा एसएमएस करा, फुकट आहे. इंग्रजीत, त्यात तीन गोष्टी: ज्याने फोन केला तो नंबर, तारीख, आणि कशाबद्दल बोलत होता ते चार शब्दांत. ज्या सिमवर फोन आला त्याच सिमवरून पाठवायचा, दोन सिम असणाऱ्यांनी हे बघावं. किंवा तुमच्या मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये तक्रारीची जागा असते, ती ठळक दिसेल अशी ठेवायचं बंधन आता कंपन्यांवर आहे. ट्रायचं स्वतःचं डीएनडी नावाचं ॲपही आहे, त्यात कॉल लॉगमधून नंबर निवडता येतो.

डीएनडीच करायचं असेल तर १९०९ लाच इंग्रजीत 'स्टार्ट', मग जागा सोडून शून्य, असा मेसेज. शून्य म्हणजे सगळ्या जाहिराती बंद. थोड्याच बंद करायच्या तर बँक-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य असे आठ गट आहेत, त्यातले निवडता येतात. डीएनडी केल्यावरही ओटीपी, बँकेचे मेसेज, गॅस बुकिंगचे मेसेज येत राहतात, ती भीती नको. प्रत्येक नंबराची नोंदणी वेगळी करावी लागते.

सदाशिव_पेठेतला | सोमवार, सकाळी ८:३०

सगळे टेलिमार्केटिंगवाल्यांना शिव्या घालताय, पण नंबर त्यांना दिला कोणी? म्हात्रे पुलाजवळच्या लॉन्सवर कुठलंही प्रदर्शन लागलं की दारात लकी ड्रॉचं कूपन. नाव, नंबर, स्वतःचं घर की भाड्याचं, उत्पन्न किती, सगळं रांगेत उभं राहून भरतो आपण. बक्षीस कोणाला लागलेलं मी तरी पाहिलं नाही. लक्ष्मी रस्त्यावर दोनशे रुपयांचा रुमालांचा डबा घेतला तरी "मोबाइल नंबर सांगा". का सांगू? ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच बजावलंय की बिलासाठी ग्राहकाला नंबराची सक्ती करू नका. मी "नंबर नाही, बिल कागदावर द्या" एवढंच म्हणतो. मागचे लोक चुळबुळ करतात. करू देत.

कट्ट्यावरचा_बंडू | सोमवार, सकाळी ८:४१

काका, तुमच्यामागे रांगेत मीच होतो बहुतेक.

अँड्रॉइड_मामा | सोमवार, सकाळी १०:०५

सॅमसंगचं मी सांगतो. फोन ॲप उघडा, वर तीन टिंबं, सेटिंग्ज. तिथे 'कॉलर आयडी अँड स्पॅम प्रोटेक्शन' चालू करा, आणि त्याच्याच आत 'ब्लॉक स्पॅम अँड स्कॅम कॉल्स'. तिथे सगळे स्पॅम अडवायचे की फक्त जास्त धोक्याचे, असं विचारतो. बाबांसाठी 'जास्त धोक्याचे' ठेवा, कारण एखादा कुरियरवाला दिवसभर फोन करतो म्हणून लोकांनी त्यालाही स्पॅम ठरवलेलं असतं.

गूगलचा फोन ॲप असलेल्यांना सेटिंग्जमध्ये 'कॉलर आयडी अँड स्पॅम', त्यात स्पॅम कॉल गाळायचं बटण. ते चालू केलं की घंटीच वाजत नाही, नोंद तेवढी राहते.

एक गोंधळ फार लोकांचा होतो. ब्लॉक नंबरांच्या यादीवर 'अननोन' नावाचं बटण असतं. ते दाबलं की फोनबुकात नसलेले सगळे बंद होतील असं वाटतं. तसं होत नाही. ज्यांनी स्वतःचा नंबर लपवलाय तेवढेच त्याने अडतात, आणि भारतात असे कॉल मुळातच कमी. त्यामुळे लोक बटण दाबून निवांत होतात आणि दुसऱ्या दिवशी परत प्लॉट.

शाओमी-रेडमीच्या ज्या फोनांत कंपनीचा स्वतःचा डायलर आहे, त्यात सुरुवातीच्या आकड्यांवरून ब्लॉक करता येतं. १४० घातलं की विषय संपला. गूगलच्या डायलरला ही साधी गोष्ट अजून सुचलेली नाही.

आयफोनवाली_आर्या | सोमवार, दुपारी १२:२०

एवढा खटाटोप कशाला? आयफोनला 'सायलेन्स अननोन कॉलर्स' २०१९ पासून आहे, आयओएस १३ मध्ये आलं. नंबर सेव्ह नसेल आणि मी त्या नंबरला आधी कधी फोन केला नसेल तर घंटी वाजत नाही, कॉल रिसेंट्समध्ये दिसतो. हवं तर मी उलट फोन करते. आयओएस २६ मध्ये तर फोनच समोरच्याला विचारतो की काम काय आहे, आणि उत्तर स्क्रीनवर लिहून दाखवतो. मला शांतता आवडते, आणि ज्याला खरंच काम आहे तो मेसेज करतोच.

मुक्ता_डबेवाली | सोमवार, दुपारी ३:५०

आर्या, तू नोकरी करतेस म्हणून हे जमतं. माझा डब्यांचा व्यवसाय आहे, कर्वेनगर ते वारजे. नवं गिऱ्हाईक म्हणजे अनोळखी नंबरच. एक फोन नाही उचलला तर ते पुढच्या मावशीला लावतात, मेसेज करत बसत नाहीत. प्लंबर, रिक्षावाले, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांचं हेच. फोन बंद ठेवायचे सल्ले देणाऱ्यांचं पोट फोनवर नसतं, एवढं माझं मत.

मला हवंय ते वेगळंच. सकाळी सहा ते नऊ हात पिठात असतात, तेव्हा फक्त ओळखीचे वाजावेत. नऊनंतर सगळे चालतील.

आयफोनवाली_आर्या | सोमवार, दुपारी ४:०५

हे पटलं. आणि माझ्या मावसभावाचा मुलाखतीचा फोन असाच शांतपणे रिसेंट्समध्ये जाऊन पडला होता, तेही खरं. नोकरी शोधत असाल, घरात कोणी दवाखान्यात असेल, तर हे बटण बंदच ठेवा.

अँड्रॉइड_मामा | सोमवार, संध्या. ५:३०

मुक्ताताई, तुम्हाला 'डू नॉट डिस्टर्ब' लागेल, ते १९०९ वालं नव्हे, फोनमधलं. सेटिंग्जमध्ये जाऊन वेळापत्रक घाला, सहा ते नऊ. कॉलसाठी 'फक्त कॉन्टॅक्ट्स' निवडा. त्याच्या खाली 'रिपीट कॉलर्स' असतं, ते चालू ठेवा. म्हणजे एकाच नंबरावरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. खरी गरज असणारा माणूस लगेच परत लावतो, प्लॉटवाल्याचा डायलर तोवर पुढच्या नंबराला गेलेला असतो. आयफोनलाही हे आहे, तिथे तीन मिनिटांची मुदत.

समीर, बाबांच्या दुपारच्या झोपेच्या वेळेलाही हेच लावा. एक ते चार या वेळात पुण्यात फोन करणाऱ्याला वेगळी शिक्षा असायला हवी खरं तर.

रेणुका_वाकड | सोमवार, रात्री ९:१५

धागा वाचून विचारतेय, माझा त्रास थोडा निराळा आहे. ऑफिसात पूर्वी असलेल्या एकाने कुठल्याशा ॲपवरून कर्ज घेतलं आणि हप्ते थकवले. त्याच्या फोनबुकात माझा नंबर होता, बहुतेक तेवढंच कारण. आता मला वसुलीवाल्यांचे फोन येतात. रोज वेगळा नंबर. रात्री दहालाही. "तुम्ही गॅरंटर आहात, तुमच्या घरी माणसं पाठवू." मी कशावरही सही केलेली नाही. व्हॉट्सॲपवरही येतात. सगळे ब्लॉक करतेय. नंबर बदलावा का?

नेटवर्क_नाना | सोमवार, रात्री ९:४०

रेणुकाताई, आजपासून ब्लॉक करणं थांबवा. आधी पुरावा गोळा करा. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरची धमकी नंबरासकट, एखादा कॉल रेकॉर्ड होत असेल तर तो. मग ब्लॉक.

सीए_शनिवारपेठ | सोमवार, रात्री १०:१०

यावर मी लिहितो, हे रोज बघतोय.

सही नाही तर गॅरंटर नाही. फोनबुकात नाव असल्याने कोणी जामीनदार होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे: वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, आणि कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना, ज्यांची नावं संदर्भासाठी दिली त्यांना सतावायचं नाही. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांचे नियम आले. त्यांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली कॉन्टॅक्टची यादी, कॉल लॉग, फोटो यांना हातच लावायचा नाही. तुमचा नंबर त्यांनी फोनबुकातून उचलला असेल तर तिथेच पहिला नियम मोडला.

पुढच्या फोनला शांतपणे एवढंच विचारा, कुठल्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्तसंस्थेचं) कर्ज आहे? ॲप नुसता मध्यस्थ असतो, मागे नोंदणी असलेली संस्था असावी लागते. नाव मिळालं की त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, स्क्रीनशॉट जोडा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी नाही. नाव सांगायलाच तयार नसतील तर ते बहुधा बेकायदा ॲप आहे. मग लोकपालाचा संबंध उरत नाही, थेट पोलीस.

"घरी माणसं पाठवू" ही धमकी आहे, त्याची तक्रार पोलिसांत आत्ताही देता येते. तुम्ही वाकडला, म्हणजे पिंपरी-चिंचवड आयुक्तालय. शिवाजीनगरला पुण्याच्या सायबर पोलिसांकडे हेलपाटा घालू नका, तिथून परत पाठवतील. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर घरबसल्या नोंदवता येतं.

नंबर बदलू नका. बँक, आधार, पीएफ सगळं त्याला जोडलेलं असतं, आणि तुम्ही सोडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला तरी मिळतो.

रेणुका_वाकड | सोमवार, रात्री १०:३२

खूप आभार. 'कुठल्या संस्थेचं कर्ज' हा प्रश्न मी आजवर विचारलाच नव्हता. उद्या विचारते.

वैदेही_कोथरूड | मंगळवार, सकाळी ९:००

आणि ओळखीचाच माणूस पिच्छा सोडत नसेल तर? नवे नंबर घेऊन फोन, मेसेज. माझं नाही, भाचीचं विचारतेय.

सीए_शनिवारपेठ | मंगळवार, सकाळी ९:२५

ते स्पॅम नाही, ताई. मुलीने स्पष्ट नकार देऊनही कोणी वारंवार संपर्क करत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो पाठलागाचा गुन्हा आहे. एकदाच, लेखी, "मला संपर्क करू नकोस" असा मेसेज तिने पाठवून ठेवावा, मग उत्तर देऊ नये. मेसेज पुसू नयेत. लगेच भीती वाटत असेल तर ११२. इथे १९०९ ला लिहीत बसण्यात अर्थ नाही.

कट्ट्यावरचा_बंडू | मंगळवार, सकाळी ११:१०

ट्रूकॉलरचं कोणीच बोललं नाही? मी तर त्याच्यावर बघूनच उचलतो.

सदाशिव_पेठेतला | मंगळवार, सकाळी ११:४०

बघ की. माझं नाव त्यावर 'पाणी टँकर शिंदे' असं दिसतं. मी शिंदेही नाही आणि माझा टँकरही नाही. हे कोणाच्या तरी फोनबुकातून तिकडे गेलं, मला विचारलं कोणी?

नेटवर्क_नाना | मंगळवार, दुपारी १:०५

काका, त्यांच्या साइटवर जाऊन नंबर यादीतून काढता येतो. त्यासाठी स्वतःचं खातं असेल तर आधी बंद करावं लागतं.

ॲप उपयोगी आहे, नाही असं नाही. २००९ ची स्वीडनची कंपनी, आणि तिची सगळ्यात मोठी बाजारपेठ आपणच. पण ते चालतं लोकांनी दिलेल्या नावांवर. कोणी ठगाने आपल्या नंबराला 'कस्टमर केअर' म्हणवून घेतलं तर काही काळ तेही दिसतं. आता सिमच्या अर्जावरचं खरं नाव नेटवर्ककडूनच दाखवायची व्यवस्था येतेय, सीएनएपी म्हणतात तिला. ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केली होती. तिचीही गंमत होणार, कारण आपल्याकडे बायकोचं, मुलांचं, कामवाल्या मावशींचं सिमही घरच्या एकाच माणसाच्या नावावर असतं. मोबाइल कंपन्यांचेही स्वतःचे इशारे आहेत. एअरटेलने सप्टेंबर २०२४ पासून 'सस्पेक्टेड स्पॅम' दाखवायला सुरुवात केली, त्याला वेगळं ॲप लागत नाही.

ज्येष्ठांच्या फोनात मी नवं ॲप शक्यतो टाकत नाही. फोनमध्ये आहे ते आधी नीट लावा.

धायरीकर_समीर | मंगळवार, रात्री ८:५०

बाबांचा डीएनडी मेसेज गेला, पोच आली. स्पॅम प्रोटेक्शन चालू केलं. प्लॉटवाल्याच्या एका नंबराची तक्रार १९०९ ला केली आणि खालच्या दोन बिऱ्हाडांनाही करायला लावली, त्यांनाही तोच आला होता.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. बाबांना परवा "तुमचा मोबाइल दोन तासांत बंद होणार, ट्रायमधून बोलतोय, ९ दाबा" असा रेकॉर्ड केलेला फोन आला होता. आणि काही फोन असे की उचलला तर पलीकडे कोणीच नाही. बाबा 'हॅलो हॅलो' करत बसतात.

नेटवर्क_नाना | मंगळवार, रात्री ९:३०

दुसरं आधी सांगतो. ऑटो डायलर एकाच वेळी भरपूर लोकांना फोन लावतो, कारण निम्मे उचलणार नाहीत हे त्याला माहीत असतं. जास्त लोकांनी उचलला की बोलायला माणूस मोकळा नसतो, म्हणून शांतता. एवढंच कळतं त्यांना की हा नंबर चालू आहे आणि माणूस उचलतो. बाबांना सांगा, एकदा हॅलो, उत्तर नाही तर ठेवायचं.

पहिला फोन सरळ फसवणुकीचा. ट्राय कोणाचाही मोबाइल बंद करत नाही आणि असे फोनही करत नाही. ९ दाबलं की पुढे 'पोलीस अधिकारी' येतो, मग व्हिडिओ कॉल, मग 'डिजिटल अरेस्ट'. असली अटक कायद्यात कुठेच नाही. असे फोन १९०९ ला कळवायचे नाहीत, ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये. मार्च २०२४ पासून आहे, कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप तिन्ही चालतात. पैसे गेले असतील तर मात्र चक्षू नाही, ताबडतोब १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवायची शक्यता असते.

कुरियरवाला म्हणून कोणी *२१* किंवा *४०१* ने सुरू होणारं काही डायल करायला सांगितलं तर मुळीच करू नये. त्याने आपले कॉल त्याच्याकडे वळतात, ओटीपीचे कॉलसुद्धा. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशी वळवणी बंद करायला सांगितली होती, पण सवय नको. शंका असेल तर ##००२# डायल केलं की सगळी वळवणी रद्द होते. (आकडे इंग्रजी कळफलकावरचेच.)

मुक्ता_डबेवाली | बुधवार, दुपारी ४:१५

मामा, सकाळचं वेळापत्रक लावलं, छान चाललंय. आता व्हॉट्सॲप राहिलं. कुठून कुठून परदेशी नंबर येतात, 'घरबसल्या कमवा'. गिऱ्हाइकं तिथेच ऑर्डर देतात, त्यामुळे मेसेज बंद करता येत नाहीत.

अँड्रॉइड_मामा | बुधवार, संध्या. ६:००

फोनमध्ये ब्लॉक केलं म्हणजे व्हॉट्सॲपवर होत नाही, आणि उलटही. दोन्हीकडे वेगळं.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी', त्यात 'कॉल्स', तिथे अनोळखी कॉल शांत करायचं बटण. मे २०२३ मध्ये इंडोनेशिया, व्हिएतनामच्या नंबरांवरून सगळ्या देशाला कॉल आले होते आठवतंय? त्याच्या पुढच्याच महिन्यात हे आलं. मेसेज चालू राहतात, तुमच्या ऑर्डरी बुडणार नाहीत. तिथेच 'ग्रुप्स'मध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, म्हणजे शेअर टिप्सच्या ग्रुपात कोणी परभारे घालणार नाही. आणि अशा नंबराला नुसतं ब्लॉक न करता 'रिपोर्ट' पण करा. रिपोर्ट केलं की त्याचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात, म्हणून ते वाचून नको ते असेल तरच.

लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून एपीके फाइल आली तर उघडायची नाही. पत्रिका पीडीएफ असते नाहीतर फोटो. एपीके म्हणजे ॲप, आणि ते तुमचे एसएमएस वाचायला बसतं.

धायरीकर_समीर | गुरुवार, रात्री ९:०५

एसएमएसचं शेवटचं. बाबांच्या इनबॉक्सात बँकेचं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, पाठवणाऱ्याच्या नावावरून कळतं का? "आज रात्री ९:३० ला वीज तोडणार, या नंबरावर फोन करा" असाही एक आहे.

नेटवर्क_नाना | गुरुवार, रात्री ९:४५

पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी डॅश देऊन एक इंग्रजी अक्षर असतं, २०२५ च्या दुरुस्तीतलंच. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. सुरुवातीची दोन अक्षरं मोबाइल कंपनी आणि सर्कल (तिच्या सेवेचा विभाग) सांगतात, त्यांचा बँकेशी संबंध नाही. पी असेल तर मेसेजमध्ये बंद करायचा पर्याय द्यावाच लागतो. तुम्ही बंद केलंत की त्याने ९० दिवस परत परवानगी मागायची नाही.

वीज तोडण्याचा मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून आला असेल बघा. महावितरण अशा मोबाइल नंबरावरून मेसेज करत नाही. चक्षूत टाका, मग पुसा.

अँड्रॉइड_मामा | गुरुवार, रात्री १०:१०

आणि समीर, गूगल मेसेजेस वापरत असाल तर त्यात ओटीपी २४ तासांनी आपोआप पुसायची सोय आहे, ढीग त्यानेच निम्मा होतो. 'स्पॅम अँड ब्लॉक्ड' हा फोल्डर मात्र रविवारी गेलात की एकदा उघडून बघा, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची लिंक कधीकधी तिथे जाऊन बसते. तिथूनच 'नॉट स्पॅम' केलं की पुढच्या वेळी बाहेर येते. पॅथॉलॉजी, गॅस एजन्सी, संघाचे लोक यांचे नंबर तेवढे बाबांच्या फोनबुकात देवनागरीत सेव्ह करून टाका.